श्वासाचा हिशेब

जगात फुकट मिळणारी वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण हवेचे नाव घेतील. दमेकऱ्याला हे उत्तर पटणार नाही. त्याच्या घरी किराणा, वीजबिल आणि मुलांची फी यांच्या रांगेत श्वासाचाही खर्च मांडलेला असतो. ज्या दिवशी श्वास कमी पडतो, त्या दिवशी कमाईही बुडते. म्हणजे खर्च वाढतो नेमका तेव्हाच मिळकत घटते. त्यातून चांगल्या दिवसांत दमेकरी धडधाकट दिसतो, म्हणून त्याच्या वाईट दिवसांवर कोणी सहजासहजी विश्वास ठेवत नाही. ‘काल तर हा बाजारात हिंडत होता,’ हे वाक्य प्रत्येक दमेकऱ्याने कधी ना कधी ऐकलेले असते.

गेली सत्तावीस वर्षे हा आजार सोबतीला घेऊन मी धर्मगुरूचे काम करतो आहे. दमा तीव्र आहे. दोनदा अतिदक्षता विभाग पाहून आलो आहे. प्रवचन मी लहान वाक्यांत लिहितो, कारण लांब वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास पुरेलच याची खात्री नसते. सणाच्या मिस्सेला धूपाटणे कोठे धरायचे, हे वेदीसेवकांना आता पाठ झाले आहे. भाविक तर प्रवचन आटोपशीर झाले म्हणून आभारच मानतात! एखाद्या पहाटे धाप लागली, की शेजारच्या धर्मग्रामातील धर्मगुरू मिस्सा अर्पण करायला येतात. माझे काही कापले जात नाही. माझ्या औषधांचे बिल धर्मप्रांत भरतो.

आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांचा हिशेब मात्र निराळा होता. ते एका लहान गॅरेजात मोटारी रंगवण्याचे काम करीत. हात सफाईदार, कामाला मागणी, पण रोजंदारी. दम्याचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना दोन पंप लिहून दिले : एक धाप लागली की घ्यायचा निळा, आणि दुसरा सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायचा. निळा पंप पुष्कळ स्वस्त होता आणि त्याने पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी होई. दुसरा महाग होता आणि त्याने तत्काळ काहीच जाणवत नसे. त्यात १२० फवारे. दोन वेळा दोन-दोन घेतले की तीस दिवसांत तो संपे. या गृहस्थांनी तोच दोन महिने पुरवायला सुरुवात केली आणि पुढे बंदच केला. ज्या घरात रुपयाचा लगेच दिसणारा उपयोग पाहावा लागतो, त्या घरात याहून वेगळे घडणे कठीणच.

परंतु दमा हा मुळात श्वासनलिकांच्या आतील सुजेचा आजार आहे. निळा पंप नलिका तेवढ्यापुरती सैल करतो. सूज तशीच राहते, आत वाढत जाते. रोजच्या पंपातील अल्प स्टेरॉइड ती सूज दिवसेंदिवस उतरवते. २०१९ साली दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत मोठा बदल झाला : प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांवर केवळ निळ्या पंपाने उपचार करू नयेत, असे स्पष्ट सांगण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याच वर्षी जगात दम्याने ४,५५,००० माणसे दगावली. त्यांतील बहुतेक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले.

आमच्याकडे आणखी एक अडसर आहे. “फादर, पंपाची सवय लागते ना?” हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल! पंपाचे व्यसन लागत नाही. निळ्या पंपातील साल्ब्युटामॉल हे औषध गोळीत ४ मिलिग्रॅमपर्यंत असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा चाळिसावा भाग. थोडे औषध थेट लागते तेथेच पोहोचते, एवढेच. तरीही लग्नाच्या मुलीचा पंप पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आया तो कपाटात दडवतात.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री त्या गृहस्थांना रुग्णालयात न्यावे लागले. आठ दिवसांच्या बिलात रोजच्या पंपाचे कित्येक वर्षांचे पैसे गेले. पत्नीच्या बांगड्या गहाण पडल्या. मी भेटायला गेलो आणि औषध नियमित घ्यायला हवे, असे म्हणालो. ती माउली शांतपणे उत्तरली, “फादर, तुमचं औषध चर्च भरतं. आमचं कोण भरणार?”

तिच्या शब्दांत कडवटपणा नव्हता. तो एक साधा हिशेब होता.

पुढे एका डॉक्टरांनी त्यांना विचारले, “सुटीच्या दिवसांत बरे वाटते का?” वाटत होते. रविवारी, सणाला, गावी गेल्यावर धाप कमी असे. मोटारींच्या रंगात मिसळण्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि ती दमा निर्माण करतात, हे तेव्हा त्यांना प्रथमच कळले. शरीराला त्यांचे एकदा वावडे झाले की अगदी थोडा अंशही पुरतो. इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हाच रोग्याला त्याचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, असा आग्रह धरला होता. सुतार, बेकरीवाले, गिरणीवाले यांच्या बाबतीत हा प्रश्न आजही विचारायचा राहून जातो.

उत्तर कळले तरी प्रश्न सुटत नाही. वीस वर्षांचे कसब सोडायचे, ते कशाच्या भरवशावर? कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. चार माणसांच्या गॅरेजातील रोजंदार तिच्या बाहेर राहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत. त्यांत दम्याचे नाव नाही.

मग त्याचा शेजारी कोण? त्या रुग्णालयाच्या बिलासाठी आमच्या लोकांनी एका रविवारात मोठी रक्कम जमवली होती. आपली माणसे उदार आहेत, याविषयी मला शंका नाही. पण आपले दान पुष्कळदा त्या निळ्या पंपासारखे असते : धाप लागली की धावून येते, आणि छाती मोकळी झाली की खिशात परत जाते. रोजच्या पंपासाठी दरमहा काहीशे रुपये देण्यात आपल्याला दान केल्याचे समाधान लाभत नाही, कारण त्यातून काही घडलेले दिसत नाही. न घडलेला झटका कोणाच्या डोळ्यांना दिसणार?

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था आमच्याही धर्मग्रामात आहे. गरजूंच्या घरी जाऊन भेटणे हा तिचा मूळ नेम. आता आमचे सभासद घरभेटीत तांदूळ-डाळीबरोबर औषधाचीही चौकशी करतात. सात कुटुंबांचा रोजचा पंप दरमहा भरला जातो. शक्य तेथे तो जनऔषधी केंद्रातून घेतला जातो. कोणाचा ते आम्ही जाहीर करीत नाही.

ते गृहस्थ आता एका दुकानाच्या गोदामात नोंदी ठेवतात. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे. पत्नी शिवणकाम करते. महिनाअखेर अजूनही ओढाताणीची असते. पण गेले दोन पावसाळे त्यांनी घरीच काढले आणि बांगड्या सोडवून आणल्या.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी दुकानदार असेल, कोणी कारखानदार, कोणी एखाद्या कार्यालयातील साहेब. आपल्या हाताखालच्या दमेकऱ्याला झाडलोटीऐवजी दुसरे काम देता येईल, डॉक्टरकडे जायला अर्धा दिवस मोकळा देता येईल. त्याला कीव नको असते. आपले बोलणे खरे मानले जावे आणि आपले काम टिकावे, एवढेच त्याचे मागणे असते. आणि हे सारे धाप लागण्यापूर्वी व्हावे, कारण धाप लागल्यावर मागायलाही श्वास उरत नाही.