कर्नाळ्याला एकदा उतरून तर पाहा!

मैत्रिणींनो, गौरी-गणपतीला कोकणात जाताना पनवेल सोडलं, की डोंगरमाथ्यावर अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. “तो बघा कर्नाळा किल्ला!” असं आपण मुलांना दाखवतो आणि एस. टी. पुढे निघून जाते. पनवेलहून जेमतेम १२ किलोमीटर. पण तिथं उतरणार कोण? एकट्या बाईनं रानात जायचं नाही आणि घरच्या मंडळींना सवड नाही!

म्हणूनच आमच्या महिला मंडळानं जानेवारीत तिथं पक्षी पाहायला जायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. “पाखरं काय अंगणात दिसत नाहीत?” असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण “जा हो, पोळ्यांचं मी बघते,” असंही त्याच म्हणाल्या. उजाडता उजाडता आम्ही पंधराजणी पेणच्या गाडीत बसलो.

कर्नाळ्याचं हे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य झालं. सुरुवातीला ते साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं. २००३ मध्ये त्याचा विस्तार बारा चौरस किलोमीटरच्या वर गेला. दीडशेहून अधिक जातींचे पक्षी इथं आढळतात. हिवाळ्यात पाहुणे पक्षीही येतात, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हे दिवस उत्तम.

सोबतच्या जाणकार बाईंनी पहिलीच अट घातली, ती न बोलण्याची. पंधरा बायका आणि गप्प! पण काय सांगू, दहा मिनिटांत कान उघडले. तांबटाची टुकटुक ऐकू आली. भृंगराज तर मोठा नकलाकार. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो.

फराळाच्या वेळी बाईंनी सुगरणीची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली डॉ. सालिम अली यांनी या पक्ष्याचा अभ्यास केला. खोपा विणतो नर, तोही अर्धाच. मादी येऊन पाहणी करते. पसंत पडला तर राहते, मग नर तो पुरा करतो. घर बांधतो तो आणि नाव मात्र सुगरण! आम्ही पदर तोंडाला लावून हसलो.

आमच्यात एक साठीच्या काकू होत्या. लग्न होऊन पनवेलला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. लग्नकार्य, देवदर्शन आणि दवाखाना सोडला, तर त्या कुठं गेल्या नव्हत्या. स्वर्गीय नर्तकाचा नर लांबलचक पांढरी शेपटी झुलवत फांदीवरून गेला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “इतकं जवळ होतं होय हे!” त्यावर कुणालाच काही बोलता येईना.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याही मंडळात विषय काढा. एकटीला जे जमत नाही, ते दहाजणींना सहज जमतं. जाताना भडक रंग नकोत. मेंदी किंवा मातकट रंगाचा सुती पोशाख आणि कॅनव्हासचे बूट बरे. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर लावू नका. डबा स्टीलचा घ्या, प्लॅस्टिकची पिशवी मुळीच नको. काकणं थोडी कमी घाला. त्यांच्या किणकिणीनंही पाखरू उडतं, बरं का!

आणि हो, घरी काकू किंवा सासूबाई असतील, तर त्यांचंही नाव आधी द्या.