मांजरसुंबा: पाच अक्षरं, तीस बाइट

मांजरसुंब्यात घरी बसून मी पायथॉन शिकणाऱ्या मुलांसाठी एक एडिटर लिहीत होतो. कर्सर ज्या शब्दावर असेल त्याची माहिती खाली मराठीत दिसावी, एवढीच कल्पना. कोडचं झाड बांधायला ट्री-सिटर हे साधन होतंच; त्या झाडाचा एकेक तुकडा म्हणजे नोड. 'या जागी कोणता नोड?' असं विचारलं की ते मुळापासून उतरत जातं आणि ती जागा सामावणारा सर्वांत लहान नोड देतं. मला फक्त जागा सांगायची होती. तीच चुकली.

एका मुलीनं स्ट्रिंगमध्ये आमच्या गावाचं नाव लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि पुढे 'गाव' हे व्हेरिएबल. कर्सर व्हेरिएबलवर, खाली मजकूर 'ही स्ट्रिंग आहे'. मी ट्री-सिटरलाच दोष देऊन त्याच्या पायथॉन व्याकरणात उगाच खोदत बसलो. गोची गावाच्या नावात होती. मांजरसुंबा डोळ्यांना पाच अक्षरं. काना, उकार, अनुस्वार वेगळे धरणाऱ्या युनिकोडला दहा चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये दर चिन्हाला तीन, म्हणजे ३० बाइट. एडिटर यूटीएफ-१६ च्या एककांत मोजून या नावाचे दहाच धरत होता, मी तो आकडा बाइट समजून ट्री-सिटरकडे ढकलत होतो, आणि तिथं अजून स्ट्रिंगच चालू होती. माझ्या चाचण्यांत सगळी इंग्रजी नावं. मराठी मुलांच्या एडिटरसाठी! इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणून चूक झाकली गेली.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी, कारण ती मी दुरुस्ती म्हणून घातली. कर्सर अक्षरावर नसतोच, दोन अक्षरांच्या मध्ये असतो. 'गाव' लिहून मुलगा कंसाआधी थांबला, तर त्याच्या लेखी तो 'गाव'वरच आहे. नोडची हद्द मात्र सुरुवात धरून, शेवट सोडून मोजतात. म्हणून उत्तर यायचं कंस. आमच्या चौकात उभ्या माणसाला 'तू केजच्या रस्त्यावर की पाटोद्याच्या?' विचारावं, तसं. मी सरसकट एक बाइट मागे सरकलो. मग शब्दाच्या सुरुवातीला ठेवलेला कर्सर आधीच्या कंसात जाऊ लागला.

कोडमिररच्या लेझर पार्सरमध्ये जागेसोबत बाजूही सांगता येते: उणे एक म्हणजे डावी, अधिक एक म्हणजे उजवी. हे आधी वाचायला हवं होतं. अर्धा शब्द पुरा करून द्यायचा तर डावीकडचाच नोड हवा. माहिती दाखवताना आता मी दोन्ही बाजूंना विचारतो आणि कंस-स्वल्पविरामापेक्षा नावाला पसंती देतो. पण मुलं टाइप करत असताना कोड बहुतेक वेळ अर्धवटच असतो. तेव्हा हाती येणाऱ्या 'एरर' नोडखाली काय दाखवायचं, तिथं माझं अजून अडलंय.