आजीला न्यायचे की नाही?

उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे जमली की सहलीचा बेत ठरतो आणि त्याच वेळी घरात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : आजीचे काय करायचे? आपल्याही घरी तो विचारला गेला असेल. आजीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, आणि तिला तो नेमका ऐकू गेला असेल.

आमची आई ८१ वर्षांची आहे. हृदय दुर्बळ झाल्यामुळे गेली तीन वर्षे ती रोज सकाळी लघवीची गोळी घेते आणि दिवसभराचे पाणी दीड लिटरच्या मापात पिते. प्यालेल्या प्रत्येक पेल्याची नोंद एका वहीत होते. आम्ही डहाणूला राहतो, धाकटी बहीण तलासरीला. दोन्ही घरांना सोयीचे ठिकाण म्हणजे विवळवेढ्याची महालक्ष्मी. चारोटी नाक्यावरून महामार्गाने तलासरीच्या दिशेस थोडे गेले की मंदिर लागते. जवळच देवीचा गड, ज्याला मुसळ्या डोंगर म्हणतात. चैत्र पौर्णिमेला यात्रा सुरू होते. मध्यरात्री वाघाडीचा पुजारी ध्वज घेऊन गड चढतो. ही यात्रा पाहण्यासारखी खरीच, परंतु त्या गर्दीत आजारी वृद्धास नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही यात्रा उलगल्यावर, वैशाखात जायचे ठरविले.

दादाचे म्हणणे, ऊन बाधेल, आईला घरीच ठेवू. त्याची काळजी खोटी नव्हती. आई एवढेच म्हणाली, "ठेवायला मी काही खुर्ची नाही रे." त्यावर कोणी बोलले नाही.

चार दिवस आधी मी डॉक्टरांना भेटले. त्या दिवशी पाणी किती द्यायचे, गोळी केव्हा द्यायची आणि काय दिसले तर माघारी फिरायचे, एवढेच विचारले. त्यांनी त्या दिवसापुरते पाणी थोडे वाढवून दिले आणि गोळी न चुकविता घरी परतल्यावर घेण्यास सांगितले. हा सल्ला आमच्या आईपुरता आहे. आपल्या रुग्णासाठी आपल्याच डॉक्टरांना विचारावे. गोळीच्या वेळेचा प्रश्न किरकोळ नाही, याची कल्पना स्त्रियांना अधिक असेल. वाटेत स्वच्छतागृह मिळेल न मिळेल, या धास्तीने कित्येक वृद्ध स्त्रिया आदल्या रात्रीपासून पाणीच तोडतात, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. थांबण्याच्या जागा आधी ठरवून त्यांना सांगितल्या, तरच पाण्याचा आग्रह धरण्याला काही अर्थ असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डहाणूच्या किनाऱ्यावर हवा दमट. घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंगाची उष्णता निघून जात नाही. डोंगराकडे सरकावे तशी हवा कोरडी होते. तिथे घाम आल्याआल्याच वाळतो आणि अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही. त्यात उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. "तहान नाही" हे वृद्धांचे म्हणणे खरे असते, पण त्यावर विसंबता येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही शरीराला उन्हाशी जुळवून घेणे जड जाते.

पहाटे साडेपाचला निघालो. देवीचे दर्शन गारव्यातच झाले. मग दादा, वहिनी आणि मुले गड चढू लागली. आई पहिल्या पायरीपाशी उभी राहिली. "दोनचार चढते," म्हणाली. बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी आईच्या मागे, कोपराला हात देऊन. सात पायऱ्या झाल्या, प्रत्येकीवर एक थांबा. सातवीवर ती बसली आणि भाचीला देवीची कथा सांगू लागली : एक गरोदर बाई दर्शनासाठी गड चढताना घेरी येऊन पडली, तेव्हा देवी म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते, म्हणून देऊळ पायथ्याशी आहे. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी आईने ती सांगितली आणि वरच्या पायऱ्यांकडे पुन्हा पाहिले नाही.

साडेनवाच्या सुमारास ती गप्प झाली. नातू चपला फेकून पळत होता आणि ती त्याला रागावली नाही, हे बहिणीच्या लक्षात आले. घाम, फिकट चेहरा, उभे राहताना झोक. तिला झाडाच्या दाट सावलीत आडवे केले, पायांखाली उशी दिली, ओला पंचा मानेवर आणि हातापायांवर फिरविला, वारा घातला, घोट घोट पाणी दिले. नाव, वार विचारला. उत्तरे बरोबर आली. वीस मिनिटांत नेहमीचा आवाज परतला. उत्तरे असंबद्ध आली असती, अंग तापून भाजत असते वा शुद्ध हरपली असती, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईतो अंग थंड करीत राहायचे, हे आम्ही घरातून ठरवूनच निघालो होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीने उष्माघात उतरत नाही.

दहाला परतायचे होतेच. मुलांना ओढ्याकडे जायचे होते, ती फुरंगटली. दादा मात्र कोणी सांगण्याआधीच गाडी सावलीतून काढायला गेला.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला ताडगोळे विकत घेतले. एक खाऊन झाल्यावर आईने विचारले, "हे पाण्यात धरायचे का?"

"धरायचे," मी म्हणाले.

तिने आणखी दोन खाल्ले आणि वहीत आपल्या हाताने लिहिले : ताडगोळे ३.