जोडाऱ्याची उमेदवारी

जोडारी म्हणजे कारखान्यातला फिटर. सुटे भाग मापात घडवणे, ते एकमेकांत बसवणे आणि जुळवलेले यंत्र चालते ठेवणे ही त्याची कामे. महाराष्ट्रातील आयटीआयमध्ये कातारी, यंत्र कारागीर, संधाता यांच्या बरोबरीने हा व्यवसाय शिकवला जातो. दहावी झालेल्यांसाठी तो दोन वर्षांचा असतो. त्यानंतर कारखान्यात साधारण वर्षभराची उमेदवारी करता येते. एवढ्या काळात शिकाऊ उमेदवाराच्या हाताखालून पुष्कळ अवजारे आणि मशिने जातात. तरी सगळ्या प्रशिक्षणाचा रोख एकाच गोष्टीवर असतो : आपला जॉब बिघडायला लागला आहे, हे तपासनिसाच्या आधी त्याचे त्याला कळावे.

या व्यवस्थेला सरकारी चौकट मिळण्याआधी पोरे कामावरच घडत. १९१० साली सुरू झालेल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी आसपासच्या गावांतली माणसे कारखान्यातच यंत्रकाम शिकली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये देशभरासाठी कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. वस्तादाच्या मर्जीवर चालणारे शिक्षण यातून अभ्यासक्रम, परीक्षा आणि करारनामा यांत बांधले गेले. शिकवण्याची जुनी वाट मात्र बदलली नाही. आधी हात, मग मशीन.

पहिले काही आठवडे कानशीचे. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि एक बाजू सपाट करायची. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला असावा लागतो; तो उंच असला तर खांदे भरून येतात, खाली असला तर पाठ. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे घेताना सोडायचा, कारण दात पुढच्या फेऱ्यातच कापतात. अवघड आहे ते दाबाचे गणित. फेरा सुरू होताना कानशीचा बराचसा भाग मुठीकडे असतो, म्हणून टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त हवा. फेरा पुढे सरकतो तसा तो कमी करत उजव्या हाताचा वाढवायचा. दोन्ही हात सारखेच दाबत राहिले की कानस ताजव्याच्या दांडीसारखी कलते आणि जॉबच्या दोन्ही कडा उतरतात. मधला भाग उंच राहतो. नव्या उमेदवाराचा जवळजवळ प्रत्येक जॉब आधी असाच होतो.

ही चूक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. घासलेला पृष्ठभाग चकचकीत असतो आणि चकाकीलाच सपाटी समजण्याची सवय असते. म्हणून गुण्याचे पाते जॉबवर उभे धरून उजेडाकडे पाहायला शिकवतात. पात्याखालून कडांपाशी उजेडाची रेघ आली तर मध्य उंच आहे. रेघ मध्ये आली तर खड्डा. पुढच्या पायरीला सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा पातळ थर देऊन जॉब त्यावर हलकेच फिरवतात. जिथे निळे ठिपके लागतील तिथेच धातू जास्त आहे आणि तेवढाच काढायचा. सगळीकडून सारखे घासत सुटणाऱ्याचे माप उतरत जाते, पण सपाटी येत नाही. कानशीच्या दातांत कीस अडकला तर तो पृष्ठभागावर खोल ओरखडे काढतो. त्यासाठी दातांना खडू चोळून ठेवतात आणि तारेच्या ब्रशने कीस काढतात. अशा बारीकसारीक गोष्टी अंगवळणी पडल्या की हात बसला असे म्हणतात.

हात बसला की नाही, याची कसोटी म्हणजे जोडणीचा जॉब. एका पट्टीत चौकोनी भोक आणि त्यात बसणारा चौकोनी तुकडा, एवढेच ड्रॉइंग असते. सुरुवातीच्या जॉबना अर्ध्या मिलिमीटरची मुभा असते. जोडणीच्या जॉबमध्ये ती ०.०४ मिलिमीटरवर येते. आत बसणारा तुकडा आधी करायचा, कारण तो मायक्रोमीटरने बाहेरून मोजता येतो. भोकाला मात्र आतून कानस नीट फिरत नाही आणि मापही सहज घेता येत नाही. तिथे रांगेने छिद्रे पाडून, छिन्नीने मधला भाग उडवून, उरलेला धातू कानशीने काढतात. कोपऱ्यांत आधीच बारीक छिद्रे पाडून ठेवतात, म्हणजे कानशीचे टोक तिथे अडत नाही. एक बाजू घासताना शेजारची भिंत खाल्ली जाऊ नये म्हणून दात नसलेली कड तिकडे ठेवतात.

तुकडा एका बाजूने भोकात गेला की उमेदवाराला काम झाल्यासारखे वाटते. निदेशक तो काढून पाव फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगतो, आणि बहुधा तिथेच तो अडतो. एका दिशेने बसणारा आणि दुसऱ्या दिशेने न बसणारा तुकडा पुष्कळ काही सांगतो : बाजू सारख्या नाहीत, किंवा कोन काटकोनात नाही, किंवा कडेची बर, म्हणजे कापताना कडेला उभा राहिलेला बारीक धातू, काढलेली नाही. यातले नेमके काय, हे शोधल्याशिवाय पुन्हा कानस लावायची नसते. हातोडी मारून बसवलेला जॉब मोजणीत पकडला जातो. काढलेला धातू परत लावता येत नाही, ही या कामातली मोठी शिस्त आहे. माप गेले की जॉब भंगारात.

मोजमापाचे शिक्षण याच्या बरोबरीने चालते. व्हर्निअर कॅलिपर साधारणपणे ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. वाचन दोन दिवसांत जमते. त्या वाचनावर विश्वास कधी ठेवायचा, हे यायला वेळ लागतो. मायक्रोमीटर किती आवळायचा ते त्याच्या रॅचेटवर सोपवायचे, मुठीच्या जोरावर नाही. बर राहिलेली कड माप खोटे दाखवते. तापलेला जॉबही फसवतो. ५० मिलिमीटर व्यासाचे स्टील ३० अंश सेल्सिअसने तापले तर व्यास सुमारे ०.०१७ मिलिमीटरने वाढतो. गरम असतानाच तो मापात आणला तर गार झाल्यावर लहान भरतो. म्हणूनच मापाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानतात.

इथून पुढे मशिने येतात आणि हाताने शिकलेले तिथे कामाला येते. १० मिलिमीटरचा आटा पाडायचा तर त्या मापाच्या नेहमीच्या दीड मिलिमीटर पिचसाठी ड्रिल साडेआठचे लागते. टॅप पुढे फिरवताना मध्येच थोडा उलटा घेऊन कीस तोडावा लागतो, नाहीतर टॅप आतच तुटतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात. ड्रिलिंग मशिनवर हातमोजे घालायचे नाहीत, हेही याच टप्प्यावर पक्के होते. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला तर हात ओढला जातो. लेथवर क्रॉस-स्लाइडचे हँडल उलटे फिरवले तर पहिला थोडा भाग रिकामाच फिरतो, कारण स्क्रू आणि नट यांत ढिलाई असते. डायलचा आकडा बदलतो, टूल मात्र जागचे हलत नाही. माप ओलांडून पुढे गेलेल्याने हँडल बरेच मागे घेऊन पुन्हा पुढच्याच दिशेने मापावर यायचे असते. हे ज्याला माहीत नाही, तो डायलवर विसंबतो आणि जॉब घालवतो.

कारखान्यातली उमेदवारी हा दुसरा टप्पा. उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी होते. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळते. तरी कारखान्यातील आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी त्याला लागू असतात. नियमांत २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक झाले. उमेदवारांचे प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ठरवण्यात आले. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मात्र कायदा मालकावर सरसकट घालत नाही.

आयटीआयच्या बेंचवर जॉब बिघडला तर एक तुकडा जातो. कारखान्यात तोच भाग पुढच्या माणसाच्या जोडणीत जातो आणि तिथे अडतो. समजा २० मिलिमीटरचा शाफ्ट H७ मुभेच्या भोकात सहज सरकेल असा g६ मुभेत हवा आहे. मग शाफ्ट १९.९८० ते १९.९९३ यांच्या दरम्यान असला पाहिजे. सीएनसी मशिनवर टूल झिजते तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो. थोड्या थोड्या नगांनंतर घेतलेली मापे १९.९८४, १९.९८७, १९.९९० अशी आली, तर तिन्ही नग पास. गो–नो गो गेजही तिन्हींना पास म्हणेल. पण चढ पाहणाऱ्याला पुढचे माप हद्दीवर येणार हे दिसते. तो तिथेच सेटरला हाक मारतो किंवा परवानगी असेल तर ऑफसेट, म्हणजे मशिनमधली टूलची माप-दुरुस्ती, बदलतो. कानशीखाली मध्य उंच होताना ज्याने पाहिलेला असतो, त्याला हा चढ लवकर ओळखता येतो.

याच ठिकाणी बरीच उमेदवारी वाया जाते. उत्पादनाची घाई असली की उमेदवाराला एका मशिनवर उभे करून नग लावणे, बटण दाबणे, नग काढणे एवढेच काम मिळते. वर्षभरात हजारो नग निघतात आणि त्याच्या हाती एकाच मशिनची सवय उरते. मापे दुसराच कुणी लिहितो, टूल दुसराच कुणी बदलतो, रिजेक्शन का झाले हे दुसऱ्याच विभागात ठरते. अशा पाट्या टाकण्यातून विद्यावेतन सुटते, जोडारी तयार होत नाही. जिथे एखादा मुरलेला मिस्त्री उमेदवाराला स्वतःची मापवही ठेवायला लावतो, बाद नग टाकून देण्याआधी तो का बाद झाला हे त्याच्याकडून वदवून घेतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याची जागा बदलतो, तिथे तेच वर्ष कारणी लागते. यासाठी नवे मशीन लागत नाही. मिस्त्रीचा थोडा वेळ लागतो आणि उत्पादनाच्या हिशेबात तो धरलेला असावा लागतो.

शेवटी परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. परीक्षक जॉबवर खुणा करतो, मापे घेतो, गुण देतो. त्याने मापे घेण्याआधीच उमेदवाराला आपला जॉब कुठे किती चुकला हे नेमके सांगता आले, तर त्याची उमेदवारी पूर्ण झाली असे समजावे. सांगता आले नाही, तर प्रमाणपत्र मिळूनही काही शिकायचे राहिले आहे.