टी पेशींनी मला वेड लावलंय!

अहो, हातातलं काम ठेवा बाजूला आणि ऐका! पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात एवढंच मला शाळेपासून ठाऊक होतं. आता कळतंय, त्यांत टी पेशी नावाची एक जमात आहे, आणि तिच्यातही प्रकार आहेत! प्रत्येकीचं काम ठरलेलं! हुबेहूब आमच्या पेणचा गणपतीचा कारखाना! साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, डोळ्यांची आखणी करणारा तर अगदीच वेगळा!

मी डॉक्टर नाही हं, रोह्याची एक साधी वाचक. पण बघा तरी! मारक टी पेशी विषाणू शिरलेली पेशी हुडकतात आणि मग तिला भोक पाडतात आणि मग ती पेशी आपली आपणच मरते! भोक पाडतात हो! मदतनीस पेशी बाकीच्यांना कामाला लावतात. एचआयव्ही नेमका यांनाच गाठतो, म्हणून तर रक्तातली यांची संख्या, म्हणजे ‘सीडी४’, मोजतात! स्मृतिपेशी जुना जंतू वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, आणि मी बाजारात जाऊन कोथिंबीर विसरते!

आणि टी पेशी घडतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत! तिथे इतकी कडक परीक्षा, की बहुतेक पेशी नापास होऊन तिथेच मरतात! १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवेपर्यंत या ग्रंथीचं काम काय, तेच कळलं नव्हतं!

आता खरी गंमत! पनवेलशेजारचं खारघर, म्हणजे आपला रायगड जिल्हाच ना? तिथे टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात ४ जून २०२१ रोजी भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती वापरली गेली! रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या आणि मग कर्करोगाची पेशी ओळखायला त्यांना शिकवायचं आणि मग परत त्याच्याच रक्तात सोडायच्या! आयआयटी मुंबईच्या राहुल पुरवार यांच्या चमूने टाटाच्या डॉक्टरांबरोबर हे घडवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच उपचाराला ‘नेक्सकार१९’ या नावाने मंजुरीही मिळाली, रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. खर्च अजून लाखांत आहे, पण परदेशासारखा कोटींत नाही!

थांबा, माझी लाडकी राहिलीच! नियामक पेशी! बाकीच्या चेकाळून आपल्याच शरीरावर उठू नयेत म्हणून ही त्यांना आवरते! २०२५चं वैद्यकाचं नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना हिच्यावरच्याच कामासाठी मिळालं!

तेव्हा ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणत कुणी काढा विकायला आलं, तर एवढंच विचारा: कुठली वाढवणार, मारणारी की आवरणारी?