रोटीवाली आलिया

सहामाहीचे पेपर तपासून संपले, त्या शनिवारी रात्री मुलाने हट्ट धरला, "अम्मी, आज युद्धाचा सिनेमा बघू या." तो नववीत आहे. त्याच्या आवडीचे युद्धपट मला ठाऊक आहेत. त्यांत स्फोट आणि घोषणा असतात, आणि पडद्यावर कुणी दाढीवाला नमाज पढताना दिसला की आता घात होणार, हे त्यालाही आधीच कळते. आपले मूल आपल्याच घरात बसून हे शिकते, याची मला खंत वाटते. म्हणून त्या रात्री मी माझ्या पसंतीचा चित्रपट लावला. गॅव्हिन हूड यांनी दिग्दर्शित केलेला 'आय इन द स्काय' (२०१५).

केनियातील नैरोबी शहरात एका घरात अतिरेकी जमले आहेत. ब्रिटिश कर्नल कॅथरिन पॉवेल इंग्लंडमधून त्यांच्यावर नजर ठेवून आहे. त्यांना पकडायचे ठरलेले असते. पण आत आत्मघाती हल्ल्याची जाकिटे तयार होताना दिसतात आणि बेत बदलतो. आता ड्रोनमधून क्षेपणास्त्र सोडायचे. ड्रोनचा वैमानिक बसला आहे अमेरिकेत, नेवाडामध्ये. इतक्यात त्या घराच्या भिंतीलगत आलिया नावाची मुलगी रोट्या विकायला येऊन बसते.

"उडवा ना लवकर!" मुलगा म्हणाला. पाच मिनिटांनी तो गप्प झाला.

त्याला गप्प कशाने केले? आलिया आम्हाला आधीच भेटली होती. चित्रपट सुरू होतो तोच तिच्या घरी. अब्बा तिच्यासाठी खेळायची रिंग बनवतात आणि ती अंगणात ती फिरवते. एक कडवा गिऱ्हाईक तिला हटकतो, तेव्हा अब्बा त्याच्यापुढे नमते घेतात आणि लेकीला जपतात. म्हणजे धर्म तोच, पण माणसे निराळी. हे दिग्दर्शकाने भाषण न देता दाखवले. वरून पाहणाऱ्यांना ती एक लहानशी आकृती दिसते, नाव ठाऊक नाही. आपल्याला तिचा चेहराही दिसतो.

हिचकॉक सांगत असे की, टेबलाखालचा बॉम्ब एकाएकी फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो आधीच माहीत असेल तर साध्या गप्पाही जीव टांगणीला लावतात. इथे तेच घडते. एकेक रोटी विकली जाताना आम्ही मोजत होतो.

मला सर्वांत बोचला तो टक्केवारीचा प्रसंग. मुलगी दगावण्याची शक्यता ठरलेल्या मर्यादेत बसावी म्हणून कर्नल हाताखालच्या माणसावर आकडा कमी करण्यासाठी दबाव आणते. निकाल चांगला दिसावा म्हणून गुण वाढवण्याचा आग्रह आम्हा शिक्षकांना नवा नाही. तिथे आकड्यामागे एक जीव आहे, एवढाच फरक.

मात्र काही ठिकाणी दिग्दर्शकाचा हात सैल पडतो. निर्णय एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला जातो, हे खरे वाटते. पण सिंगापुरात पोट बिघडलेला मंत्री आणि चीनमध्ये टेबल टेनिस खेळणारा मंत्री दाखवून हसू आणायचा प्रयत्न होतो, तेव्हा आवळलेली दोरी सुटते. घरात शिरणारा भुंग्याएवढा कॅमेराही जरा सोयीचाच वाटला.

तरी एक गोष्ट कबूल करते. ती जाकिटे पाहून माझ्याही मनात आले होते, सोडा ते क्षेपणास्त्र. उद्या ती बाजारात फुटली असती तर तिथेही कितीतरी आलिया असत्या. दिग्दर्शकाने मला निवाडा करायला बसवले आणि सोपे उत्तर दिले नाही.

शेवट इथे सांगत नाही. चित्रपट संपल्यावर मुलाने एवढेच विचारले, "अम्मी, तिच्या सगळ्या रोट्या सकाळीच कुणी का नाही घेतल्या?"

मी दिवा लावला आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत जागे होतो.