बाळंतिणीच्या बाजेपाशी

बाळंतपणानंतर स्त्रीचे शरीर पूर्ववत व्हायला साधारण 42 दिवस लागतात. अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि अशक्तपणा यांचा धोका याच काळात असतो. कोवळ्या वयाच्या पहिलटकरणीला तो अधिक, कारण तिचे स्वतःचे अंगही पुरते भरलेले नसते.

या काळात गावानेच तिच्या पाठीशी उभे राहण्याची वाट गडचिरोलीने दाखवली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 मध्ये तिथल्या 39 गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू केली. गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, 62 टक्क्यांनी घटले. पुढे 2011 पासून देशभरच्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे हे काम आले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी गृहभेट. घरी झाले तर पहिल्या दिवशीही.

भेटीत बाळाचे वजन, ताप पाहिला जातो आणि आईला विचारले जाते: दिवसातून किती वेळा जेवतेस? आशांची गटप्रवर्तक म्हणून अशा भेटींना जाताना प्रस्तुत लेखिकेने एक गोष्ट वारंवार पाहिली. सासू शेजारी बसलेली असली की मुलगी मान खाली घालून ‘पोटभर’ म्हणते. प्रत्यक्षात तिला पातळ भात आणि थोडे वरण एवढेच मिळत असते. यात सासूचा दुष्टावा नसतो. तिच्या वेळी तिलाही तेच मिळालेले असते. म्हणून तिला बाजूला सारून काही साधत नाही.

उपयोगी पडली ती कामाची वाटणी. अंगणवाडी सेविका सासूशी बोलत बसे. ओळखीची, गावचीच, म्हणून तिचे ऐकले जाई. तेवढ्यात आशाताई खोलीत मुलीजवळ बसून रक्तस्राव, झोप, रडू याबद्दल हळूच विचारी. बचत गटातल्या बायका शेवग्याची भाजी, अंडी आणून देत. नर्सबाईंकडे निरोप तासाभरात पोचे. यासाठी वेगळा निधी लागला नाही, मात्र चौघींना एकमेकींचे वेळापत्रक ठाऊक असावे लागले.

बाळंतिणीच्या मनाची उदासी मात्र अजूनही सर्वांत उशिरा लक्षात येते. आशा, सेविका आणि घरातल्या मोठ्या बायका या तिघींनाही विनंती आहे: निदान एका भेटीत तरी बाळाला नंतर उचला, आधी आईशी एकटीशी बोला.